कौल गावाचा, शिक्का राजधानीचा



परदेशच्या प्रवासाची वर्णने तुम्ही पुष्कळ वाचली असतील. त्यांत उंच इमारती असतात, समुद्रकिनारे असतात, बर्फाचे डोंगर असतात. आज मी तुम्हांला जेथे नेणार आहे तेथे यांतले काहीच नाही. अमेरिकेच्या पोटात, समुद्रापासून शेकडो मैल आत आयोवा नावाचे राज्य आहे. सहली काढणाऱ्या कंपन्या तिकडे फिरकत नाहीत. पण शेतकऱ्याने एकदा डोळे भरून पाहावा असाच तो मुलूख आहे. शेतकऱ्यांच्या एका अभ्यासदौऱ्याबरोबर मला तेथे जाण्याचा योग आला. तेथले मका-सोयाबीन पाहून आम्ही थक्क झालो हे खरेच; पण मनात घर करून राहिली ती एक वेगळीच गोष्ट. गावाशेजारी हजारो जनावरांची शेड उभी राहायची असेल, तर हो-नाही म्हणण्याचा हक्क कोणाचा? गावाचा, तालुक्याचा, की राजधानीत बसलेल्या सरकारचा? या एका प्रश्नावर तिकडे तीस वर्षे भांडण चालू आहे. ते आपणही समजून घेण्याजोगे आहे.

चौकोनांचा मुलूख

दे मॉइन हे आयोवाच्या राजधानीचे नाव. भारताशीही तिचे एक नाते आहे. मेक्सिकन गव्हाच्या बुटक्या जाती देऊन आपल्या देशाची भूक भागवणारे डॉ. नॉर्मन बोरलॉग याच राज्यातल्या क्रेस्को गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात १९१४ साली जन्मले. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेला जागतिक अन्न पुरस्कार दर वर्षी दे मॉइन येथे दिला जातो. १९९८ साली तो आपल्या जालन्याचे बियाणे-उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला.

शहर सोडून उत्तरेला निघालात की दहा मिनिटांत घरे संपतात आणि शेत सुरू होते, ते संपतच नाही. रस्ते आखणीपट्टी ठेवून काढल्यासारखे सरळ. दर मैलाला एक रस्ता आडवा, एक उभा. मधला चौकोन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. असे ३६ चौकोन मिळून एक टाउनशिप आणि अशा साधारण सोळा टाउनशिप मिळून एक काउंटी. काउंटी म्हणजे आपला मोठा तालुका समजा. अशा ९९ काउंट्या मिळून आयोवा राज्य होते. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. आणि माणसे किती? २०२० च्या शिरगणतीत सुमारे ३२ लाख. आपल्याकडे एका जिल्ह्यात याहून अधिक माणसे सापडतील.

आम्ही गेलो तो ऑक्टोबर महिना. मक्याची काढणी जोरात होती. माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर लोण्यासारखी. मक्याचा उतारा एकरी ५० क्विंटलच्या घरात आणि सोयाबीनचा १६ क्विंटलच्या आसपास. आमच्यातला एक शेतकरी बांधावर उभा राहून म्हणाला, "साहेब, एवढा मका हे लोक खातात तरी कुठे?" प्रश्न अगदी बरोबर होता. हा मका माणसे फारसा खातच नाहीत. त्यातला बराचसा गाडीच्या इंधनासाठी अल्कोहोल बनवायला जातो आणि उरलेल्यातला मोठा वाटा जनावरांच्या पोटात जातो. त्या जनावरांत मुख्य म्हणजे डुक्कर.

आयोवात कोणत्याही दिवशी मोजली तर दोन कोटींच्या वर डुकरे भरतात. म्हणजे माणशी सातच्या आसपास! सगळ्या अमेरिकेतल्या डुकरांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा या एका राज्यात आहे. गंमत अशी, की सबंध दिवस गाडीतून हिंडलात तरी एक डुक्कर दृष्टीस पडणार नाही. दिसतात त्या फक्त लांबलचक पांढऱ्या शेड, बाजूला धान्याच्या दोन-तीन उंच कोठ्या आणि भिंतीत फिरणारे मोठाले पंखे.

शेडखालचा हौद

अशी एक शेड आपण बाहेरून पाहू. रोगाच्या भीतीने परक्या माणसाला आत सोडत नाहीत. आत जायचेच झाले तर आंघोळ करून त्यांचे कपडे घालावे लागतात. शेड सुमारे १०० फूट रुंद आणि २०० फूट लांब. आत २,४०० डुकरे. जमीन सिमेंटच्या फटीफटींच्या पट्ट्यांची. मलमूत्र त्या फटींतून खाली पडते. खाली सबंध शेडएवढा आठ फूट खोल हौद. एका डुकरामागे दिवसाला चार लिटरांच्या आसपास धरले, तर वर्षाला ३०-३५ लाख लिटर पातळ खत तेथे साठते. ते वर्षभर साठवायचे आणि मका निघाल्यावर टँकरने नेऊन जमिनीत दाताळ्याच्या नळ्यांनी सोडायचे. खत म्हणून ते सोन्यासारखे आहे. रासायनिक खत महागले की शेजारी स्वतः येऊन मागणी करतात. तेव्हा हे सगळे घाणीचेच काम आहे असे समजू नका.

पण हौदात साठलेले मलमूत्र कुजते. त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात आणि पंख्यांवाटे बाहेर पडतात. वारा ज्या घराकडे असेल त्या घराची खिडकी उघडत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो. हौद ढवळताना तर हायड्रोजन सल्फाइड एकाएकी उसळते; त्याने माणसे जागच्या जागी मेल्याच्या घटना तिकडे घडल्या आहेत. येथे एक सूचना आपल्या घरासाठीही करून ठेवतो. गोबरगॅसची टाकी असो की मैल्याचा खड्डा असो, साफ करायला एकट्याने उतरू नका आणि पडलेल्याला काढायला दुसऱ्याने तसेच उडी घेऊ नये. वायू डोळ्यांना दिसत नाही.

पूर्वी तेथे असे नव्हते. १९८० च्या सुमारास आयोवात डुकरे पाळणारे सुमारे ६५ हजार शेतकरी होते. एकेकाकडे दोनशेच्या आसपास जनावरे. मका पेरायचा, तो डुकरांना घालायचा, खत शेतात टाकायचे आणि डुकरे विकून बँकेचा हप्ता फेडायचा. २००२ सालापर्यंत ते शेतकरी सुमारे १० हजारांवर आले. डुकरे मात्र कमी झाली नाहीत, उलट वाढली. सरासरीने एकेकाकडे दीड हजाराच्या आसपास आली. आता बहुतेक ठिकाणी डुकरे कंपनीची, खाद्य कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा. शेतकऱ्याची फक्त शेड, मेहनत, वीज, कर्ज आणि खालचे खत. आपल्याकडे ज्यांनी करारावर ब्रॉयलर कोंबड्या घेतल्या आहेत त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

हम्बोल्ट काउंटीची गोष्ट

आता भांडणाकडे वळू. प्रत्येक काउंटीत लोकांनी निवडून दिलेले तीन किंवा पाच जणांचे मंडळ असते. त्यांना सुपरवायझर म्हणतात. रस्ते, पूल, कर, निवडणुका हे त्यांच्याकडे. आपल्या पंचायत समितीसारखेच, पण त्यांच्या हाती पैसा आणि अधिकार जास्त. लोकांना वाटणारच, की शेड कुठे व्हावी आणि कुठे होऊ नये हे या मंडळानेच ठरवावे.

पण तेथे एक मेख होती. १९४७ साली काउंट्यांना जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार मिळाला तेव्हा शेतीच्या इमारतींना त्यातून सूट होती. शेतकऱ्याला गोठा बांधायला कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, हा चांगला हेतू. त्या वेळचा गोठा म्हणजे दहा-वीस गाई आणि चाळीस डुकरे. पुढे हजारो डुकरांच्या शेड आल्या आणि प्रश्न पडला, की हा गोठा की कारखाना? १९९६ साली कॅस काउंटीच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही शेडही शेतीचीच इमारत. सूट तिलाही लागू.

१९९५ साली राज्याच्या विधिमंडळाने मोठ्या शेडसाठी एक कायदा केला. घरापासून अंतर किती ठेवायचे, खत किती जमिनीवर टाकायचे हे त्यात ठरले. पण त्याबरोबर शेडवाल्यांना शेजाऱ्यांच्या दाव्यांपासून संरक्षणही मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये दूरच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डुकरांच्या मैल्याचा एक उघडा तलाव फुटला आणि सुमारे अडीच कोटी गॅलन मैला नदीत गेला. १९९७ मध्ये त्या राज्याने नव्या शेडना काही काळ बंदीच घातली. आयोवातल्या लोकांनीही हे सगळे वाचले होते.

हम्बोल्ट ही उत्तरेकडची लहानशी काउंटी. तेथल्या मंडळाने १९९६ साली धीर केला आणि स्वतःचे चार नियम केले. पहिला, मोठी शेड बांधण्यापूर्वी काउंटीचा परवाना घ्या. दुसरा, शेड बंद पडली तर हौद साफ करायला लागेल त्या पैशाची हमी द्या. तिसरा, भूगर्भातले पाणी बिघडेल अशा ठिकाणी खत टाकू नका. चौथा, शेजाऱ्याच्या हद्दीत घातक वायू ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ देऊ नका. आता सांगा, यातला कोणता नियम अडाणीपणाचा आहे?

पण काही शेतकरी न्यायालयात गेले. १९७८ साली घटनादुरुस्ती होऊन काउंट्यांना आपला कारभार आपण करण्याचा अधिकार मिळाला होता. मात्र राज्याच्या कायद्याशी विसंगत नसेल तेथपर्यंतच. १९९८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे नियम राज्याच्या कायद्याशी जुळत नाहीत, म्हणून चारही रद्द. विधिमंडळाने त्याच वर्षी आणखी एक कुलूप घातले. राज्याने स्पष्टपणे परवानगी दिल्याशिवाय जनावरांच्या शेडवर काउंटीने कसलाच नियम करायचा नाही, असे कायद्यातच लिहून टाकले. पुढे वर्थ काउंटीने लोकांच्या आरोग्याचे कारण देऊन पुन्हा प्रयत्न केला. तोही २००४ मध्ये न्यायालयात पडला.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, सरकार शेडवाल्यांचे आणि काउंटी गरिबांची. गोष्ट इतकी सोपी नाही. कोसुथ नावाच्या काउंटीत उलटेच झाले होते. तेथे काउंटीच्या मंडळानेच सुमारे ९६० एकर जमीन शेतीक्षेत्र म्हणून जाहीर केली. त्यामुळे तेथल्या त्रासाबद्दल शेजाऱ्यांना दावाच लावता येणार नव्हता. शेजारी न्यायालयात गेले. १९९८ मध्येच न्यायालयाने सांगितले, की दुसऱ्याच्या अंगणात त्रास सोडण्याचा हक्क देणे म्हणजे त्याच्या मालमत्तेचा एक भाग मोबदल्याविना काढून घेणे आहे. ते घटनेला धरून नाही. म्हणजे गावचे मंडळ नेहमी शेजाऱ्याच्याच बाजूचे असते असे नाही आणि वरचे न्यायालय नेहमी धनदांडग्याचेच असते असेही नाही. अर्थात हे वारेही फिरते. २०२२ साली त्याच न्यायालयाने आपल्या २००४ च्या एका निकालाची कसोटी मोडीत काढली आणि शेजाऱ्यांची वाट पुन्हा अवघड झाली.

चव्वेचाळीस प्रश्नांची गुणपत्रिका

काउंट्यांचा राग फार वाढला तेव्हा २००२ साली विधिमंडळाने एक तोड काढली. तिला तिकडे मास्टर मॅट्रिक्स म्हणतात. आपण तिला गुणपत्रिका म्हणू. मोठी शेड बांधणाऱ्याने ४४ प्रश्नांची उत्तरे द्यायची. एकूण गुण ८८०. पास व्हायला ४४०. शिवाय हवा, पाणी आणि समाज या तीन विषयांत प्रत्येकी पंचवीस टक्के तरी पडले पाहिजेत. आपल्या पोरांच्या परीक्षेसारखेच.

प्रश्न कसले? शेजाऱ्याच्या घरापासून कायद्यात सांगितले त्याहून किती जास्त अंतर ठेवले? खाजगी विहिरीपासून किती दूर? खताचा हौद झाकलेला आहे का? खत वरून फवारणार की जमिनीत सोडणार? मालट्रक रस्त्यावर आडवा न घालता आवारातच वळवता येईल का? अपघात झाल्यास काय करायचे याची योजना लिहून ठेवली आहे का? धंदा बंद झाला तर जागा साफ करण्याची योजना आहे का? शेजाऱ्याने लेखी संमती दिली आहे का? अर्जदाराला कुटुंबशेतीची करसवलत मिळते का?

ही गुणपत्रिका काउंटीचे मंडळ तपासते, हवी तर जाहीर सुनावणी घेते आणि तीस दिवसांत आपला अभिप्राय राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याला कळवते. खरी परवानगी द्यायची की नाही हे ठरवते ते खाते. काउंटीला निर्णय मान्य नसेल तर राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे दाद मागता येते. यात आणखी एक ग्यानबाची मेख आहे. हा तपासणीचा अधिकार हवा असेल तर प्रत्येक काउंटीने दर वर्षी जानेवारी महिन्यात तसा ठराव करावा लागतो. जानेवारी उलटला आणि ठराव राहिला, तर ते वर्ष हातचे गेले. बहुतेक काउंट्या न विसरता ठराव करतात.

शिवाय हे सगळे मोठ्या शेडनाच लागू. मोठी म्हणजे किती, ते जनावर-एककावर मोजतात. मांसासाठी पोसलेले गुरू एक एकक, दुभती गाय १.४ आणि मोठे डुक्कर ०.४. हजार एकक किंवा त्याहून जास्त झाले तरच बांधकामाचा परवाना आणि गुणपत्रिका. हजार एकक म्हणजे २,५०० डुकरे. मघाशी आपण पाहिलेल्या शेडमध्ये २,४०० का होती, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल! उंबरठ्याच्या अलीकडे पाय ठेवला की गुणपत्रिका नाही, सुनावणी नाही. खताची योजना मात्र द्यावी लागते आणि घरापासून ठरलेले अंतरही ठेवावे लागते.

एक सुनावणी

एका काउंटीच्या कचेरीत अशी सुनावणी चालू असताना आम्हांला मागच्या बाकावर बसायला मिळाले. काउंटीचे नाव मुद्दाम सांगत नाही. पाच सुपरवायझर एका लांब टेबलामागे. समोर पन्नास-साठ माणसे. काढणीचे दिवस असल्यामुळे पुष्कळांच्या टोपीवर मक्याचा भुसा तसाच होता.

अर्ज होता एका तिशीतल्या जोडप्याचा. तो उठून म्हणाला, "बापाची जमीन १६० एकर. तेवढ्यावर दोन कुटुंबे पोसत नाहीत. शेड झाली तर मी शहरातली नोकरी सोडून घरी परत येऊ शकतो. शाळेत आणखी दोन मुले येतील. खतही माझ्याच शेताला लागेल." त्याची बायको कडेवर मूल घेऊन बसली होती.

मग एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांचे घर नियोजित शेडपासून जेमतेम अर्ध्या मैलावर. ते म्हणाले, "मीही आयुष्यभर डुकरे पाळली. मला डुकरांच्या वासाचे वावडे नाही. पण माझ्या घराच्या तीन बाजूंना तीन शेड आधीच आहेत. चौथी बाजू उरली होती ती दक्षिणेची, उन्हाळ्यात वारा तिकडूनच येतो. बायकोला दम्याचा आजार आहे. मुला, तुझे वाईट व्हावे असे मला वाटत नाही. तुझ्या बापाबरोबर मी वीस वर्षे काढणी केली आहे. पण प्रत्येक शेड एकेकटी पास होते. सगळ्या मिळून किती झाल्या हे कोण मोजणार?"

सभागृह एकदम शांत झाले. त्या प्रश्नाला गुणपत्रिकेत रकानाच नव्हता. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमचे म्हणणे मला पटते. पण आमच्या हातात बेरीज तपासणे आहे. अर्ज पास होतो. नापास करायला आम्हांला जागा नाही."

बाहेर आल्यावर ते म्हातारे आणि तो तरुण समोरासमोर आले. दोघांनी एकमेकांना नुसती मान हलवून नमस्कार केला आणि आपापल्या गाडीकडे गेले. वीस वर्षांचा सावड एका कागदाने तुटताना पाहिला, असे आमच्यातल्या एकाने परतताना म्हटले, ते मला अजून आठवते.

दोन्ही बाजूंचे बोलणे

राज्याने सगळे आपल्या हाती का ठेवले, याचेही कारण ऐकून घेतले पाहिजे. शेडवाले म्हणतात, ९९ काउंट्यांचे ९९ कायदे झाले तर बँक कर्ज कशाच्या भरवशावर देईल? एका काउंटीत निवडणूक झाली, मंडळ बदलले, की चालू धंद्यावर टाच. मग डुकरे दुसऱ्या राज्यात जातील आणि त्यांच्यामागे खाटीकखाने, त्यांतली नोकरी आणि मक्याचे गिऱ्हाईकही जाईल. शिवाय खत आणि वायूचे शास्त्र तपासायला लागणारे तज्ज्ञ लहान काउंटीला कोठून परवडणार? हे बोलणे निरर्थक नाही.

दुसरी बाजू म्हणते, माती सगळीकडे सारखी नाही. राज्याच्या ईशान्येला खाली चुनखडी आहे. तिच्यातल्या भेगांतून आणि खळग्यांतून वरचे पाणी थेट विहिरीत उतरते. तेथल्या माणसाला जे ठाऊक आहे ते राजधानीच्या टेबलावर कसे कळणार? २०१७ साली काही नागरिक संघटनांनी ही गुणपत्रिका कडक करण्याची मागणी केली. पर्यावरण आयोगाने ती फेटाळली. आजवर नाकारलेले अर्ज फारच थोडे आहेत. सगळेच पास होतात अशा परीक्षेचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे.

आणि या सगळ्याचे बिल शेवटी कोठे पोचते ते पाहा. आयोवाच्या काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून खाली नळ्यांचे जाळे घातले आहे. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर निघते. रासायनिक खतातले असो की मैल्यातले, जास्तीचे नायट्रेट त्या नळ्यांतून ओढ्यात आणि ओढ्यातून रॅकून आणि दे मॉइन या नद्यांत जाते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपातला नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर नसावा, अशी तिकडची मर्यादा आहे, कारण तान्ह्या मुलांना त्यापासून धोका असतो. राजधानीच्या पाणीपुरवठा संस्थेला नायट्रेट काढण्याचा वेगळा कारखानाच बांधावा लागला. २०१५ साली तिने वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतील निचरा मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो निकालात निघाला. हा प्रश्न सोडवणे विधिमंडळाचे काम, असा त्याचा अर्थ. २०२५ च्या जूनमध्ये नद्यांतले नायट्रेट इतके वाढले, की सुमारे सहा लाख लोकांना हिरवळीला पाणी घालायची मनाई करावी लागली. ज्या राजधानीने शिक्का आपल्या हातात ठेवला, तिच्याच नळाला ते पाणी आले.

आपल्या शिवारात

आपल्याकडे डुकरांच्या अशा शेड फारशा नाहीत. पण कोंबड्यांच्या आहेत, मोठ्या दूधडेअऱ्याही उभ्या राहत आहेत. मोठ्या पोल्ट्रीला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटी आहेत. तरी माशी कोणाच्या भाकरीवर बसते हे गावालाच कळते. ना-हरकत दाखला मागायला अर्जदार ग्रामपंचायतीकडे येतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी दाखला एक तर ओळखीने दिला जातो, नाही तर भावकीच्या रागाने अडवला जातो. या दोन्हींपेक्षा आयोवाची गुणपत्रिका बरी. तिच्यात उणिवा असतील, पण प्रश्न तरी सगळ्यांना सारखे असतात.

म्हणून ग्रामसभेत असा अर्ज आला, तर पुढील गोष्टी शांतपणे विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पहिली, आमच्या विहिरी आणि पिण्याच्या पाण्याची टाकी शेडपासून किती अंतरावर आहे? ते पट्टी धरून मोजा. दुसरी, पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो आणि माशी-दुर्गंधीचा जोर तेव्हाच असतो. मग शेड वस्तीच्या कोणत्या अंगाला आहे? तिसरी, लॉट निघाल्यावर खत कोणाच्या शेतात जाणार आणि पावसात ते उघड्यावर राहणार की झाकून? चौथी, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट कशी लावणार? पाचवी, शेड बंद पडली तर जागा साफ कोण करणार? आणि सहावी, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची: या शिवारात आधीच अशा किती शेड आहेत?

शेड घालणाऱ्या तरुणालाही सांगणे आहे. हे प्रश्न कोणी विचारण्याआधी तूच उत्तरे घेऊन शेजाऱ्याच्या ओट्यावर जा. लिटर कोरडे ठेव, नळ गळू देऊ नकोस, कडेने झाडे लाव. करारावर सही करण्यापूर्वी कर्ज किती, लॉट मध्येच बंद झाले तर हप्ता कोठून, हे घरातल्या बायकांसमोर बसून हिशेबाला घे. शेड वीस वर्षांची असते आणि शेजार त्याहून जास्त वर्षांचा.

आणि माझ्या माताभगिनींनो, ग्रामसभेला तुम्ही अवश्य जा. पाणी भरणाऱ्या तुम्ही, धुणे वाळत घालणाऱ्या तुम्ही आणि आजारी पोर रात्रभर मांडीवर घेऊन बसणाऱ्याही तुम्हीच. त्या सुनावणीत बोलणारे बहुतेक पुरुष होते. दम्याची ती बाई मात्र घरी होती. सभेच्या गणसंख्येला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी पुरते. शंभर माणसे जमली तर गावाचा कौल कागदावर उतरतो. हम्बोल्टच्या लोकांनी तो उतरवून पाहिला आणि वरच्या कचेरीत त्यांचा अधिकार गेला. आपला अजून कागदावर तरी शाबूत आहे. पुढच्या ग्रामसभेची तारीख सूचनाफलकावर लागली, की ती घरच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी तासभर शेतातून लवकर या.